भिंतीखालचे मासे

हंडा पालथा केला तेव्हा मासा डोहात पडला आणि पोट वर करून तरंगला. मला वाटलं, उलटा पडलाय, वळेल. वळला नाही. शेजारच्या बाईने आपला हंडा ओतला, तोही तसाच. मग तिसरा. चौथ्याने एकदा शेपटी हलवली म्हणून सगळ्या जणी पुढे वाकल्या, पण तेवढंच. सात बायका, सात हंडे, सात मासे. मागे ढोल वाजत होता. वाजवणाऱ्याला कोणी सांगेपर्यंत तो वाजतच राहिला.

श्रावणातला सोमवार, दुपारची वेळ. मासे देवाचे होते. डोहाच्या काठी महादेवाचं लहान देऊळ होतं, आणि त्या डोहातला मासा कोणी मारत नसे. देवळाची पूजा गुरवाच्या घराकडे होती. त्या घरातली म्हातारी रोज माशांना भात घालायची. त्या दिवशीही ती भाताचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि पाण्यात गुडघाभर उतरून एक मासा हाताने सरळ केला. हात काढल्यावर तो पुन्हा उलटला.

म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती. बाकीच्या बघत होत्या. एक जण म्हणाली, "खाडीवालीचा हात लागला. दुसरं काय व्हायचं होतं?"

हात माझाच लागला होता.

मी कोलशेतची. बाप ठाण्याच्या खाडीत जाळं टाकायचा. मराठी चौथी झाले आणि मला शाळेतून काढलं. पुढे लग्न झालं ते पाटकऱ्याशी. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी शेतांना पाळीपाळीने सोडणारा माणूस. आंबिवली स्टेशनवर उतरून नदीकाठाने दीड तास चाललं की दगडी बंधारा लागायचा. दीड पुरुष उंच भिंत, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पावसाळ्यात पाणी भिंतीवरून खाली पडायचं. या टोकाला पाटाचं लोखंडी दार, आणि दाराच्या वरच्या अंगाला आमची एक खोली. इंग्रज जाऊन दोनतीन वर्षं झाली होती. बंधारा त्याहून थोडा जुना.

आसपास वस्ती नव्हती. वरचं गाव, म्हणजे देवळाचं, याच काठाने नदीच्या वरच्या अंगाला अर्ध्या तासावर. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाटावर शेतकरी यायचे, भांडायला का होईना. पावसाळ्यात पाट बंद. मग नवऱ्याला कल्याणच्या ऑफिसात कागद इकडून तिकडे न्यायला बसवत. तो फक्त रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटे निघायचा. त्याचं एक काम मात्र मागे राहायचं. भिंतीच्या टोकाला दगडावर आकड्यांची पट्टी रंगवली होती. पाणी कुठल्या आकड्याला आहे ते दिवसातून तीनदा बघून वहीत लिहायचं. ते मी लिहायचे. मला आकडे येत होते आणि दुसरं कोणी तिथे नव्हतं.

सहा दिवस कोणाशी बोललं नाही की सातव्या दिवशी आवाज घोगरा निघतो. नवरा म्हणायचा, "घसा बसलाय का?" मी म्हणायचे, "नाही." एवढंच आमचं रविवारचं बोलणं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला बोलायला लागत नसे. मला लागत असे, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. कोलशेतला बोलायला माणसं होती, त्यामुळे कळलं नाही.

त्या श्रावणात एका सकाळी खालून आवाज यायला लागला. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. मला वाटलं, खाली कोणीतरी धुणं धुतंय. मी चुलीवरचं भांडं उतरवलं, केसांवरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरून गेले. बंधारा बांधताना गवंड्यांनी काठाला बावीस पायऱ्या केल्या होत्या, भिंतीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत. खाली कोणी नव्हतं. मासे होते. हातभर लांबीचे, अंगठ्याएवढ्या खवल्यांचे. पाण्याच्या धारेतून उडी मारायचे, भिंतीच्या निम्म्यापर्यंत यायचे, दगडावर आपटायचे आणि खाली पडायचे. पुन्हा उडी. मी बराच वेळ उभी राहिले. मग वर येऊन भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. बाई नव्हती याचंच वाईट वाटलं. माशांचं काही वाटलं नाही.

चढणीचे मासे मी ऐकून होते. पावसाळ्यात नदी भरली की मासा अंडी घालायला वर जातो. खाडीतही असे मासे होते. पण हे वेगळे. हे वरच्या डोहातले, आषाढातल्या पुरात भिंतीवरून खाली फेकले गेलेले. भिंत नव्हती तेव्हा पूर उतरला की ते आपले आपण परत जायचे. हे मला म्हातारीने सांगितलं. ती दोन दिवसांनी, बुधवारी, काठी टेकत आली. पांढरं लुगडं, डोक्यावर इरलं, वय सत्तरीचं असावं. तिने आधी खाली वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तू पाटकऱ्याची का गो?"

"हो."

"ही भिंत तुझ्या नवऱ्याने घातली?"

"नाही आजी. तो फक्त दार उघडतो."

"मग उघडायला सांग."

"ते दार पाटाचं आहे. नदीचं नाही."

"नदीला दारच ठेवलं नाही?"

"नाही."

"गुरांच्या गोठ्यालाही दार ठेवतात," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "तू कुठची?"

"कोलशेतची."

"खाडीची. म्हणजे मासा खातेस."

"खाते."

"माझे खाल्लेस?"

"नाही."

"खरं बोल. देव वर बसलाय."

"घरात सुके बोंबील आहेत. ते संपले नाहीत अजून."

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "बरं, चहा करतेस का अशीच उभी करून सगळं विचारून घेतेस?" म्हणाली. विचारत होती तीच.

चहा पिताना तिने सांगितलं. डोहात मोठे म्हणावेत असे वीसेक मासे होते. बंधारा झाल्यापासून दर पुरात काही खाली जातात आणि कोणी परत येत नाही. आता वर पाचच उरलेत. गेल्या साली खाली गेलेले लोकांनी मारून नेले. पूर ओसरला की भिंतीखालच्या खळग्यात पाणी तुंबतं, मासा तिथे अडकतो, आणि पाणी मांडीएवढं झालं की माणसं काठ्या आणि टोपल्या घेऊन उतरतात. "हे गेले की संपलं," ती म्हणाली. "पाच म्हणजे काही नाही. एक पूर."

मी दुसऱ्या दिवशी वरून मोजले. तेरा होते. त्यात एकाचा वरचा ओठ फाटलेला होता, भिंतीवर आपटून. तो पाण्यात उभा राहिला की ओठाची चामडी पांढरी दिसायची.

म्हातारी त्या दिवशीही आली, शुक्रवारी, शनिवारीही आली. उंबऱ्यावर बसायची, खालचा आवाज ऐकायची आणि बोलायची. गावातल्या प्रत्येक घराचं बोलायची. मी त्यातलं एकही माणूस पाहिलं नव्हतं, पण चार दिवसांत मला कोणाची सून कोणाशी बोलत नाही ते माहीत झालं. मी तिला पट्टी वाचून दाखवायचे. पाणी रोज उतरत होतं. पाऊस थांबल्यासारखाच होता.

गुरुवारीच मी तिला म्हटलं होतं, "आजी, खालून पकडून भिंतीच्या वर सोडू. बावीस पायऱ्या आहेत. पुढची वाट त्यांना ठाऊक आहे."

"चोरून टाकल्यासारखं?" ती म्हणाली. "देव घरी जातोय गो. वाजतगाजत न्यायचा. सोमवारी नेऊ. गावाला सांगते मी."

"सोमवारला चार दिवस आहेत."

"इतकी वर्षं देव राहिला, चार दिवस राहील."

गाव येणार, बायका येणार, हे ऐकून मला सोमवार लांब वाटत होता पण नको वाटत नव्हता.

रविवारी सकाळी वरच्या गावच्या बायका सहा हंडे माझ्या दारात ठेवून गेल्या. तांब्याचे, लग्नात आलेले. सातवा माझा. देवाचे मासे न्यायचे तर तांब्यातून, हे कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं. अभिषेकाचं पाणी ज्या भांड्यातून जातं त्यातूनच देवाचं जाणार. एक बाई म्हणाली, "तुझ्याकडे नदी दारात आहे, चिंचेचं झाड आहे, तूच घासून ठेव ना. आमची शेतातली कामं पडलीत." मला तिथे येऊन वर्ष होत आलं होतं आणि पहिल्यांदाच मला कोणी काही काम सांगितलं होतं.

मी चिंच आणि राख घेऊन बसले. सातही हंडे आतून बाहेरून घासले. नवरा दारात बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "आपल्या लग्नात एवढं काही चमकत नव्हतं."

तिसरा हंडा घासताना मला आठवलं. मी सातआठ वर्षांची असेन. बापाने गळाला लावायला जिवंत कोळंबी आणली होती, मडक्यात. मडकं जुनं, शेवाळलेलं. मला ते घाण वाटलं. आजीने तांब्या नुकताच चिंचेने घासून ठेवला होता, त्यात मी कोळंबी ओतली. बाप जेवून उठेपर्यंत ती सगळी मेली. त्याने मला एक थोबाडीत दिली आणि म्हणाला, "तांब्यात जीव ठेवतात का?" आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत असतं. माझ्या गालाला माहीत होतं.

हे मला तेव्हा आठवलं, नंतर नाही. हंडा मांडीवर होता. मी स्वतःला सांगितलं, ती कोळंबी होती, हे मासे आहेत. ते चिमूटभर होते, हे हातभर आहेत. आणि हे देवाचे आहेत. मग मी चौथा हंडा घेतला. बायकांना मडकी आणा म्हणून सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, खाडीच्या बाईला देवाचं काय कळतं. मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी म्हणावं, काय सुंदर घासलेत गो, हे ऐकायचं होतं. सोमवारी सकाळी त्या ते म्हणाल्या.

गावातल्या दोघांनी खळग्यात उतरून जाळ्याने सात मासे काढले. उरलेले खडकाखाली शिरले. हंड्यात मासा वाकून बसला. वर फडकं बांधलं, हंडा डोक्यावर घेतला आणि आम्ही निघालो. पुढे ढोल. अर्धा तास चाललो. पहिली काही पावलं मासा डोक्यावर धडपडत होता, हंडा हिंदकळत होता. नंतर शांत झाला. मागची बाई म्हणाली, "माझा बघ कसा शहाण्यासारखा बसलाय." मी पुढे बघत चालत राहिले.

पुढचं सांगितलं आहे.

मंगळवारी मी खळग्यातून बोटाएवढे लहान मासे धरले. चार घासलेल्या तांब्यात टाकले, चार मडक्यात. पाणी एकाच ठिकाणचं. भात शिजायला ठेवला. भात व्हायच्या आत तांब्यातले चारही उलटे झाले होते. मडक्यातले दुपारी सोडून दिले तेव्हा धडधाकट गेले. कोणी म्हणेल, हंड्यातल्या मोठ्या माशांना हवा कमी पडली. पडलीही असेल. पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.

त्या आठवड्यात कोणी आलं नाही. मंगळवारी वाटलं, म्हातारी उद्या येईल. बुधवारी मी दोन कपांचा चहा टाकला आणि दोन्ही मीच प्याले. डोहावर राहिलेला माझा हंडा द्यायला एक बाई आली, ती आत पाय न ठेवता बाहेरच हंडा ठेवून वळली, आणि वाटेतला माझा पाणी भरायचा तांब्या पायाने बाजूला सरकवून मगच पुढे गेली. आधीचं वर्षभर एकटी होते ते चालत होतं, कारण मला कोणी ओळखत नव्हतं. आता ओळखून कोणी येत नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

खालचा आवाज चालू होता, पण कमी. पाणी भिंतीवरून आता फक्त मधल्या भागात पडत होतं. शुक्रवारी आंबिवलीकडून दोन माणसं आली. खळग्यात काठी घालून खोली पाहिली. एकाने मला खालूनच विचारलं, "ताई, परवापर्यंत पाणी किती उतरेल?"

"मला काय माहीत?"

"पट्टी कोण लिहितं मग?"

"नवरा."

ते हसले. दुसरा म्हणाला, "चल रे. रविवारी येऊ टोपल्या घेऊन. मांडीभर होतंय तोवर."

म्हणजे माझ्याकडे शनिवार होता. सहा मासे उरले होते.

शनिवारी सकाळी पट्टी लिहिली आणि जुनं लुगडं, दोन गोणपाटं घेऊन खाली उतरले. खळगा आमच्या काठाला लागून होता, दोन खोल्यांएवढा. एका अंगाला कमरेइतका, दुसऱ्या अंगाला गुडघ्याइतका. लुगडं जाळ्यासारखं आडवं धरून मासा उथळ बाजूला ढकलत आणायचा, असं मनात होतं. त्याला दोन माणसं लागतात. मी एक टोक दगडाला बांधलं आणि दुसरं हातात धरून फिरत आले. मासे मोकळ्या बाजूने निघून गेले. पुन्हा केलं. पुन्हा गेले. पाचव्या वेळी एक लुगड्यात गुरफटला. मी त्याच्यावर अंग टाकलं. बरगडीला दगड लागला. मासा हातात आला तो खवले निघालेला आणि कल्ल्यातून रक्त येणारा. ओल्या गोणपाटात गुंडाळून पायऱ्या चढेपर्यंत मेला.

मी तो पायरीवर ठेवला आणि पुन्हा खाली गेले. दुसरं काय करणार होते.

मग वरून काठीचा आवाज आला. म्हातारी पायऱ्या उतरत होती. मेलेल्या माशापाशी थांबली, बघितलं, त्याला ओलांडून खाली आली. काठी दगडाला टेकवून ठेवली. लुगडं वर खोचलं, पाण्यात आली आणि बांधलेलं टोक सोडून हातात घेतलं.

"इकडून आणायचे का तिकडून?" तिने विचारलं.

"खोलातून उथळात. कापड तळाला लागलं पाहिजे."

"मग चल."

आम्ही फिरलो. तिला जमत नव्हतं. तिचं टोक वर उचललं जायचं आणि मासा खालून जायचा. मी म्हटलं, "आजी, पायाने दाबून धरा." ती म्हणाली, "सत्तर वर्षांत मी माशाला हात लावला नाही. त्याला वरून भात टाकला. तू मला काय शिकवतेस ते हळू शिकव." तिसऱ्या वेळी दोन मासे उथळात आले. त्यातला एक फाटक्या ओठाचा.

मी गोणपाट भिजवून त्याच्यावर टाकलं, डोळे झाकले जातील असं. डोळे झाकले की मासा गप्प राहतो. हे बापाचं. मग खालून दोन्ही हात घालून उचलला. भिंतीच्या वरच्या अंगाला, काठाशी पाणी संथ होतं. तिथे उतरून गोणपाट काढलं आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. तोंड उघडत होता, मिटत होता. मग एकदम हातातून गेला. मला वाटलं होतं थांबेल थोडा. नाही थांबला.

दुसरा कुशीवर पडत होता. त्याला मी धरून ठेवला. हात बधिर झाले. म्हातारी काठावर बसली होती.

"डोहात न्यायचा होता," ती म्हणाली.

"इथून जाईल तो."

"आणि भिंतीवरून परत खाली पडला तर?"

"पडला तर परत उचलू."

मासा अजून धरलेलाच होता. माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून बोलता आलं.

"आजी, मला माहीत होतं."

"काय?"

"तांब्यात मासा जगत नाही. लहानपणापासून माहीत होतं. हंडे घासताना आठवलं होतं."

मी मागे बघितलं नाही.

"मग बोलली का नाहीस गो?"

"हंडे घासायला मला दिले होते. मला तिथे कोणी काही देत नव्हतं."

"म्हणून."

"म्हणून."

पाण्याचा आवाज चालू होता. मग ती म्हणाली, "तू गुरुवारी म्हणालीस, वर सोडू. मी म्हटलं, सोमवार. तेव्हा पाणी होतं, मासे दमलेले नव्हते. ढोल मला पाहिजे होता, त्यांना नाही." थांबून म्हणाली, "मी गावात तुझं सांगणार नाही. माझंही सांगणार नाही. बायका तुला बोलायच्या त्या बोलतील."

"बोलू देत."

"बोलतीलच. मीही त्यांच्यात बसून ऐकणार. मला तिथेच राहायचं आहे." मग म्हणाली, "गेला बघ."

मासा गेला होता. माझे हात रिकामेच पाण्यात होते.

दुपारपर्यंत आणखी एक वर नेला. उरलेले दोन खडकाच्या कपारीत शिरले. म्हातारीने काठी घालून बघितलं, मी हात घालून बघितला, निघाले नाहीत. ती थरथरायला लागली होती. मी तिला खोलीत नेऊन चुलीपाशी बसवलं, कोरडं लुगडं दिलं. चहा प्यायली. माझ्या कपातून, माझ्या हातचा. पायरीवरचा मेलेला मासा तिने जाताना नदीत सोडला.

रविवारी माणसं आली, दहाबारा. खळगा तासाभरात निपटून काढला. लहान मासे पुष्कळ मिळाले, कपारीतले दोन मोठेही मिळाले. नवरा कल्याणहून आला तेव्हा त्यांचं आवरत आलं होतं. पाटकऱ्याचा वाटा म्हणून त्यांनी मोठ्यातला एक त्याला दिला. त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

"तुझे देवाचे मासे ते हेच का?" त्याने विचारलं.

"हेच."

"मग काय करतेस?"

मी मासा साफ केला आणि कालवण केलं. आम्ही दोघांनी खाल्लं. मेलेला मासा टाकून तो जिवंत होत नाही. काटे फार होते. म्हातारीला हे मी कधी सांगितलं नाही.

नवऱ्याने माझ्या वतीने ऑफिसात एकदा विचारलं, भिंतीच्या कडेने माशांना चढायला दगडी टप्पे करता येतील का. साहेब म्हणाले, लिहून द्या. मीच लिहून दिलं, माझ्या अक्षरात, त्याने खाली सही केली. उत्तर आलं नाही. मग दर श्रावणात मी आणि म्हातारी लुगडं घेऊन उतरायचो. पाणी उतरायच्या आधी, सोमवार न बघता. कधी चार मासे वर जायचे, कधी एक. एका वर्षी एकही नाही. गावातल्या बायका माझ्याशी पुढेही बोलल्या नाहीत. म्हातारी मात्र तेवढ्या दिवसांत यायची. बाकीचं वर्ष नाही. असं चार पावसाळे चाललं. पाचव्यात ती आली नाही. मी एकटीने उतरून पाहिलं. दुसरं टोक दगडालाच बांधलं होतं. त्यानंतर आमची बदली ठाण्याला झाली, पुढे वर्तकनगरात खोली मिळाली. इथे भिंतीला भिंत लागून माणसं आहेत आणि मी कोणाकडे फारशी जात नाही. सवय राहिली नाही.

त्या पहिल्या श्रावणात भिंतीखाली तेरा मासे होते. सात तांब्यात मेले. एक माझ्या अंगाखाली. दोन लोकांनी नेले. तीन वर गेले. शनिवारनंतर आठव्या दिवशी म्हातारी मुद्दाम चालत आली होती, उंबऱ्यावर बसली आणि चहा मागायच्या आधी म्हणाली, फाटक्या ओठाचा डोहात आलाय, भात खातो, बाकीचे दोन दिसले नाहीत. म्हातारी गेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी आहे.